खुंटीवरचा ही-मॅन

२०२३ च्या उन्हाळ्यात लेकाकडे सिनसिनाटीला दीड महिना राहून आले. नातवाचा आठवा वाढदिवस होता, म्हणून सून, नातू आणि मी तिथल्या एका भल्यामोठ्या दुकानात गेलो होतो. नातू सुटला तो थेट लेगोच्या रांगेत. मी आपली गुडघे सांभाळत शेजारच्या रांगेतून चालले होते, आणि एकदम थबकले. समोर लोखंडी खुंट्यांवर एकामागे एक असे आठ-दहा ही-मॅन टांगलेले! तोच पिवळ्या केसांचा साधना कट, तीच केसाळ लंगोटी, तेच फुगवलेले दंड. पुठ्ठ्यावरचे चित्रसुद्धा जुन्याच धाटणीचे. किमतीवर लाल चिठ्ठी आणि त्या चिठ्ठीवर आणखी एक लाल चिठ्ठी. म्हणजे दोनदा स्वस्त करूनही त्याला कुणी हात लावलेला नव्हता.

याच ही-मॅनसाठी १९८८ साली पुण्यात आमच्या घरी दोन दिवस अन्नसत्याग्रह झाला होता! तेव्हा दूरदर्शनवर त्याचे कार्टून लागायचे आणि 'लिओ'ने इथे बनवलेली बाहुली दुकानांत मिळायची. शेवटी आमच्या ह्यांनी शाळा सुटल्यावर परस्पर लक्ष्मी रोडला जाऊन ती आणली. लेक ती उशाशी घेऊन झोपायचा.

संध्याकाळी लेक ऑफिसातून आल्यावर मी म्हटले, "अरे, तुझा ही-मॅन तिकडे बिचारा लोंबकळतोय. कुणी घेईना त्याला."

"माझ्याकडे आहे ना तो, आई."

"मग ते आठ-दहा कुणासाठी आहेत?"

यावर तो हसला आणि म्हणाला, "तोच तर घोळ आहे." मग मला तळघरात घेऊन गेला. तिथे काय पाहिले ते शेवटी सांगते. पण त्या रात्री झोप काही लागली नाही. चौतीस वर्षे मुलांना इतिहास शिकवला, प्रत्येक लढाईची कारणे आणि परिणाम फळ्यावर लिहून दिले. एकेकाळी ज्यासाठी पोरे जेवण सोडत, ते खेळणे हुबेहूब तसेच पुन्हा काढले तर ते विकत का नाही? पानिपतापेक्षा छोटा प्रश्न आहे हे मान्य. पण कारण असणारच. परत आल्यावर त्याच विषयाच्या मागे लागले. लेकाने पुस्तके पाठवली, माहितीपट दाखवले, फोनवरून शंका फेडल्या. माझ्या वयाच्या बाईने पावणेचार इंची शिपायांचा अभ्यास करावा याचे घरात सगळ्यांना हसू आले. असो.

तर मुळापासून. अमेरिकेत १९५९ साली बार्बी आली आणि मुलींच्या बाजारात धुमाकूळ झाला. मुलांसाठी तसे काही काढावे तर दुकानदार म्हणणार, मुलगे बाहुल्यांशी खेळत नाहीत. १९६४ साली हॅस्ब्रो कंपनीने बारा इंचांचा, हातपाय वळणारा, कपडे बदलता येणारा एक सैनिक काढला आणि त्याचे नाव ठेवले जी. आय. जो. त्याला कुणी 'बाहुली' म्हणायचे नाही अशी सक्त ताकीद होती. म्हणायचे 'अ‍ॅक्शन फिगर'. नाव बदलले आणि बापांचा आक्षेप गेला. (आपल्याकडे बोळ्याला 'ज्ञानेश्वर मार्ग' नाव दिल्यावर भाडे वाढते, तसे.) पण सत्तरच्या दशकात व्हिएतनामच्या युद्धाने अमेरिकन आयांना सैनिक नकोसा झाला. मग तेल महागले, म्हणजे प्लॅस्टिकही महागले. जो आधी साहसवीर झाला, मग आठ इंचांवर आला आणि १९७८ पर्यंत दुकानांतून नाहीसा झाला.

त्याच सुमारास 'स्टार वॉर्स' आला. त्याची खेळणी काढायला मेगो नावाच्या त्या वेळच्या बड्या कंपनीने नकार दिला, मॅटेलनेही दिला, आणि ती काढली केनरने. ही केनर कंपनी माझ्या लेकाच्या गावचीच, सिनसिनाटीची. तीन स्टायनर बंधूंनी १९४६ साली काढलेली, नावसुद्धा तिथल्या केनर रस्त्यावरून घेतलेले. त्यांनी बाहुली पावणेचार इंचांवर आणली. कारण अगदी व्यवहारी होते. बारा इंचांचा नायक बसवायचा तर त्याचे विमान पलंगाएवढे करावे लागेल, ते घेणार कोण? १९७७ च्या नाताळापर्यंत बाहुल्या तयार झाल्या नाहीत, तेव्हा केनरने चक्क रिकामे पाकीट विकले. आत एक पत्रक: हे भरून पाठवा, चार बाहुल्या पुढच्या वर्षी टपालाने येतील. आणि लोकांनी ते घेतले! १९७८ साली दोन डॉलरच्या आसपास एक बाहुली मिळे.

आणि १९८२ साली दोन गोष्टी घडल्या. मॅटेलने ही-मॅन आणला आणि हॅस्ब्रोने जी. आय. जो परत आणला. यातली दुसरी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण ते पुनरुज्जीवन होते आणि ते दणक्यात यशस्वी झाले. पण कसे? हॅस्ब्रोने १९६४ चा बारा इंची जो पुन्हा काढलाच नाही. नाव तेवढे ठेवले. उंची 'स्टार वॉर्स'ची घेतली, एका सैनिकाच्या जागी अख्खी तुकडी आणली, कोब्रा नावाचा शत्रू दिला, मार्व्हलकडून चित्रकथा लिहून घेतल्या. लॅरी हामा नावाच्या लेखकाने प्रत्येक शिपायाची कुंडलीच मांडली: नाव, गाव, शिक्षण, स्वभाव. ती पुठ्ठ्याच्या मागे छापलेली असे आणि मुलांनी कात्रीने कापून जपून ठेवायची असे. १९६४ साली खेळलेली मुले तेव्हा पंचविशीत होती. त्यांना काय वाटेल याचा कुणी विचार केलेला दिसत नाही. माल १९८२ च्या आठ वर्षांच्या पोरासाठी होता.

ती कात्री लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ही-मॅनचा जन्म तर काटकसरीतून झालेला. मॅटेलकडे बिग जिम नावाची एक जुनी बाहुली होती, तिच्यावर माती थापून रॉजर स्वीट यांनी नमुने केले. (मूळ कल्पना त्यांची की चित्रकार मार्क टेलर यांची, यावर वाद आहे. वाड्याच्या हिश्शासारखा तो मिटणारा नाही.) एकच पिळदार धड, त्यावर निरनिराळी डोकी: एक पात्र निळे, एक पिवळे, एक हिरवे. ही-मॅन ज्या हिरव्या वाघावर बसतो तो वाघसुद्धा बिग जिमच्या पेटीतला, म्हणून तर तो बाहुलीच्या मानाने एवढा थोराड आहे! पुढे १९८३ साली कार्टून आले. रोज शाळा सुटल्यावर साऱ्या अमेरिकेतली पोरे एकाच वेळी तेच पाहत. १९८४ मध्ये सरकारने मुलांच्या कार्यक्रमांतल्या जाहिरातींवरची बंधने काढली, मग तर कार्यक्रम कुठे संपतो आणि जाहिरात कुठे सुरू होते तेच कळेना. १९८६ साली अमेरिकेत ही-मॅनची विक्री चाळीस कोटी डॉलरच्या घरात होती. १९८७ साली ती सत्तर लाखांवर आली. आकडा वाचून मी चष्मा पुसून पुन्हा पाहिला. चाळीस कोटींवरून सत्तर लाख, एका वर्षात.

का? त्या वेळच्या लोकांच्या आठवणींत एक कारण येते, ते असे: दुकाने दुय्यम पात्रांनी भरून गेली होती. नव्याने सहा वर्षांचा झालेला मुलगा दुकानात आला की त्याला खुद्द ही-मॅन आणि स्केलेटरच मिळेनात. मिळे तो स्प्रिंगच्या मानेचा कुणीतरी नाहीतर मधमाशीच्या तोंडाचा कुणीतरी.

आता पंधरा वर्षे पुढे या. २००२ साली मॅटेलने ही-मॅन पुन्हा आणला. 'फोर हॉर्समेन' नावाच्या कुशल मूर्तिकारांच्या चमूने बाहुल्या घडवल्या होत्या. मी त्यांचे फोटो पाहिले आहेत, खरोखर सुरेख काम. कार्टूनही नवे काढले. आणि दोन-अडीच वर्षांत सगळे गुंडाळले. या वेळी दुकानांत काय झाले? खुंट्यांवर ही-मॅनच ही-मॅन! बर्फातला ही-मॅन, जंगलातला ही-मॅन, सामुराई ही-मॅन. बाकीची पात्रे मात्र शोधून सापडत नव्हती. मला वाटते, कंपनी १९८७ चा धडा पाठ करून आली होती, फक्त मधल्या काळात प्रश्नपत्रिका बदलली होती. असे विद्यार्थी मी पुष्कळ पाहिले आहेत.

इथे मला फळा-खडू पाहिजे होता. दुकानदार बाहुल्या सुट्या मागवत नाही, पेटी मागवतो. पेटीत कोणते पात्र किती हे कंपनी ठरवते. समजा शंभर लहान मुले आहेत. प्रत्येकाला आधी ही-मॅन हवा. नायकाशिवाय खेळ कसा होणार? मग खलनायक हवा, मग जमेल तसे बाकीचे. आणि पुढच्या जूनमध्ये सहा वर्षांची नवी शंभर मुले येतात, त्यांनाही पहिल्यांदा ही-मॅनच हवा. म्हणून पेटीत ही-मॅन जास्त असणे बरोबर. आता शंभर मुलांच्या जागी शंभर संग्राहक घ्या, पस्तिशी-चाळिशीतले. प्रत्येकाने ही-मॅन पहिल्याच आठवड्यात घेतला. आता त्याला तो आयुष्यात पुन्हा नको. त्याला उरलेली वीस पात्रे एकेक हवीत. पुढची पेटी आली की तिच्यातले एकुलते एक नवे पात्र पहिला येणारा घेऊन जातो आणि ही-मॅन खुंटीवर राहतो. खुंटी रिकामी होत नाही म्हणून दुकानदार पुढची पेटी मागवत नाही. पेटी येत नाही म्हणून संग्राहकाला हवे ते पात्र मिळत नाही. आणि कंपनीच्या वहीत नोंद होते: माल उठत नाही. गिऱ्हाईक हातात पैसे घेऊन उभे आहे, माल गोदामात आहे, आणि मध्ये लोंबकळणारा ही-मॅन दोघांची गाठ पडू देत नाही.

मी लेकाला म्हटले, "ही तर पहिलीचा वर्ग नसलेली शाळा झाली." आमच्या शाळेचे शेवटी तेच झाले होते. खालून नवी मुले येईनात. वरच्या वर्गांत हुशार, प्रेमळ, शाळेवर जीव टाकणारी मुले होती, पण दर वर्षी एक इयत्ता बाहेर पडायची आणि पट घसरायचा. माजी विद्यार्थ्यांचे मेळावे मात्र जोरात व्हायचे.

२००२ च्या त्या मालिकेचा शेवट मला फार हळवा वाटला. ती बंद पडली तेव्हा पुष्कळ पात्रे यायची राहिली होती. मग नेका नावाच्या दुसऱ्या कंपनीने त्याच मापाचे छोटे पुतळे काढले, त्याच मूर्तिकारांकडून. हात हलत नाहीत, पाय हलत नाहीत, नुसते पुतळे. पण फळीवर बाहुल्यांच्या रांगेत उभे केले की संच पुरा दिसतो. लोकांनी ते हौसेने घेतले. लेकाकडेही आहेत तीन. म्हणजे बाहुली हलते की नाही याने त्या गिऱ्हाइकाला काही फरक पडत नव्हता! १९६४ साली ज्या गोष्टीसाठी 'अ‍ॅक्शन' हा शब्द जोडला, तीच गळून पडली होती आणि कुणाच्या लक्षातही आले नव्हते.

मॅटेलने नंतर शहाणपणा केला. २००८ पासून त्यांनी दुकाने सोडून मोठ्यांना थेट इंटरनेटवरून बाहुल्या विकायला सुरुवात केली आणि पुढे वार्षिक वर्गणी ठेवली, दरमहा एक पात्र घरपोच. खुंटीचा प्रश्नच मिटला. कित्येक वर्षे ते चांगले चालले. १९८५ साली चित्रात दिसून कधी न निघालेली पात्रेसुद्धा त्यांनी काढली. पण वर्गणीदारांवर चालणाऱ्या गोष्टीचे काय होते हे मराठी मासिके वाचत मोठ्या झालेल्या माणसाला सांगायला नको. दर वर्षी आवाहन, पुरेसे वर्गणीदार झाले तरच पुढचे वर्ष. ओळखीची पात्रे संपत आली तशी अनोळखी येऊ लागली, आणि वर्गणी भरायची तर तीही घ्यावी लागत. २०१६ मध्ये मॅटेलने ते दुकान बंद केले आणि उरलेले काम सुपर-सेव्हन या लहान कंपनीकडे गेले.

मी दुकानात पाहिलेला ही-मॅन त्याच्याही नंतरचा, २०२० मध्ये सुरू झालेल्या 'ओरिजिन्स' मालिकेतला. उंची जुनीच साडेपाच इंच, रूप जुने, पण सांधे मात्र आजच्यासारखे गुडघ्या-कोपराला. इथे दुसरी अडचण दिसते. आजच्या संग्राहकाला बाहुली आठवणीसारखी दिसायला हवी आणि आजच्यासारखी वळायलाही हवी. सांधे घातले की काही म्हणतात, जुन्याची सर नाही, गुडघ्यावर खिळे दिसतात. नाही घातले की बाकीचे म्हणतात, एवढे पैसे घेऊन नुसते पाच सांधे? दोघांचेही खरे आहे. आठवणीतली बाहुली जशी होती तशी नसतेच, ती आपल्याला दिसली तशी असते. लेकाच्या आठवणीत ही-मॅन गुडघा टेकून बसायचा. मला पक्के आठवते, त्या रबरी पायांना गुडघा वाकवायची सोयच नव्हती.

पैशाचे म्हणाल तर १९७८ चे दोन डॉलर म्हणजे २०२३ चे साधारण सव्वानऊ. त्याच पावणेचार इंची 'स्टार वॉर्स' बाहुलीची संग्राहकांसाठीची आवृत्ती २०२३ मध्ये सतराच्या आसपास होती. लोक म्हणतात कंपन्या लुटतात. थोडे लुटत असतीलही, पण पोलादी साचा करायचा खर्च लाखो बाहुल्यांवर पसरायचा तो आता काही हजारांवर पसरतो, शिवाय सांधे वाढले, रंगकाम वाढले. मुलांसाठी केलेली वस्तू स्वस्त पडते ती मुले पुष्कळ असतात म्हणून. संग्राहक थोडे, म्हणून महाग, आणि महाग म्हणून शेजारच्या पोराच्या हातात ती आई देत नाही. २०१८ मध्ये अमेरिकेतली टॉइज आर अस ही खेळण्यांची प्रचंड दुकाने बंद झाली, तेव्हा तर सगळी भिस्त किराणा-कपड्यांच्या दुकानातल्या चार-दोन रांगांवर आली.

आणि एक मधलीच जमात आहे, तिच्यावर लेक फार चिडून बोलतो. २०२० मध्ये जी. आय. जोच्या नव्या सहा इंची मालिकेतली काही पात्रे 'कोब्रा आयलंड' नावाने फक्त टार्गेट या एकाच साखळीच्या दुकानांत ठेवली होती. माल आला की पहाटे येऊन लोक उचलत आणि दुप्पट-तिप्पट भावाने इंटरनेटवर विकत. त्यांना ना खेळायचे ना जमवायचे. पण आठवणीला भाव आहे हे कळल्यावर दलाल येणारच. कंपनीने माल वाढवला की दलाल पळतात, आणि उरलेला माल खुंटीवर.

आता ती कात्री. जुन्या बाहुल्यांना आज एवढी किंमत का? कारण त्या खेळून संपल्या. पुठ्ठे फाडले, कुंडल्या कापल्या, इवल्या बंदुका गालिच्यात हरवल्या, कुणाचा हात कुत्र्याने चावला. कोट्यवधी बाहुल्यांमधून न फोडलेल्या चार उरल्या, त्या मौल्यवान झाल्या. नव्वदच्या दशकात त्यांचे भाव वर्तमानपत्रांत येऊ लागले. म्हणून १९९५ साली 'स्टार वॉर्स'च्या बाहुल्या परत आल्या, तेव्हा मोठ्या माणसांनी त्या दोन-दोन घेतल्या, एक फोडायला आणि एक ठेवायला. (त्या पहिल्या खेपेत नायकाला ही-मॅनचे दंड दिले होते आणि राजकन्येचा चेहरा असा काही जमला की तिला लोक 'माकडतोंडी' म्हणू लागले, तरी घेतल्या.) १९९९ च्या चित्रपटाच्या वेळी तर मध्यरात्री दुकाने उघडली. सगळ्यांनी ठेवल्या, म्हणून त्या दुर्मीळ झाल्याच नाहीत. खेळल्या गेल्या असत्या तर झाल्या असत्या.

यावर कंपन्यांनी काय करावे? २००५ मध्ये हॅस्ब्रोने १९७७ च्या त्या रिकाम्या पाकिटाचीही नक्कल काढली, पत्रक भरा, बाहुल्या टपालाने येतील! मूळ पाकीट ही नाइलाजाने केलेली लबाडी होती, कारखाना वेळेत तयार नव्हता म्हणून. २००५ ला तसली काही अडचण नव्हती. आणि २०१९ मध्ये 'रेट्रो कलेक्शन' निघाले, त्यात पुठ्ठ्यावर झिजल्याच्या खुणा छापूनच दिल्या होत्या. कोरा करकरीत पुठ्ठा, त्यावर छापलेल्या सुरकुत्या. मला हे पाहून कसेसेच झाले. पण लेकाने त्यातली एक बाहुली घेतली होती, आणि ती कोणती, तर टार्किन नावाच्या खलनायकाची. का, तर १९७८ साली केनरने ती काढलीच नव्हती.

मग लक्षात येऊ लागले. २०१३ मध्ये सुपर-सेव्हनने 'एलियन' चित्रपटाच्या छोट्या बाहुल्या काढल्या, त्यांचे कौतुक झाले. त्या १९७९ साली केनरने नमुन्यापर्यंत आणून सोडून दिलेल्या. २०१८ मध्ये हॅस्ब्रोने जब्बाची शिडांची भलीमोठी नौका पाचशे डॉलरला काढायचे ठरवले, पाच हजार लोकांनी आधी पैसे भरले तरच. ८,८१० लोकांनी भरले. ती नौका १९८३ साली मुलांना मिळालेलीच नव्हती. २०२१ मध्ये रँकर नावाच्या राक्षसासाठी तशीच मागणी केली, साडेतीनशे डॉलर आणि नऊ हजार लोक. ते काही जमले नाहीत. किंमत, रंगरूप, कंपनीची आडमुठी वागणूक, बरीच कारणे सांगितली गेली आणि ती असतीलही. पण रँकर १९८४ साली दुकानात मिळत होता. ज्याला हवा होता त्याला तो तेव्हाच मिळून गेला होता.

आपल्याकडच्या एका गोष्टीची नोंद करायलाच हवी. हॅस्ब्रोचे जी. आय. जो भारतात फनस्कूल कंपनी बनवत असे. फनस्कूलचा कारखाना आपल्या गोव्यातही आहे. अमेरिकेत ती पावणेचार इंची मालिका १९९४ मध्ये थांबली, त्यानंतरही काही वर्षे इथे त्या बाहुल्या निघत राहिल्या. रंग मनाला येईल तसे. ज्याचा गणवेश तिकडे काळा, तो इकडे झगझगीत पिवळा. आता अमेरिकन संग्राहक त्या रंगांसाठी जीव टाकतात. लेकाने मला एकदा पुण्यातल्या जुन्या दुकानांत पाठवले होते, धूळ खात पडलेला एखादा मिळतो का बघायला. तीन दुकानदारांनी मला खुर्ची दिली, पाणी दिले, बाहुली नाही दिली. चौथा म्हणाला, "बाई, राहील कशी? पोरांनी नेली ना." इथे कुणी काही पुनरुज्जीवित करत नव्हते, नुसते विकत होते.

आता तळघर. लेकाच्या तळघरात एक अख्खी भिंत फळ्यांची आहे. खाली एका कोपऱ्यात मोठे खोके, चिकटपट्टी न काढलेले. त्यावर चित्र, हिरवट कवटीच्या तोंडाचा किल्ला. ही-मॅनचा ग्रेस्कल किल्ला, 'ओरिजिन्स'चा, २०२० पासून तसाच पडून आहे.

१९८९ साली त्याच्या वर्गातल्या एका मुलाला दुबईच्या मामांनी तो किल्ला आणून दिला होता. लेक रोज त्यांच्या घरी जाऊन बसायचा. एके दिवशी त्या मुलाच्या आईने मला रस्त्यात गाठून फार गोड शब्दांत सांगितले, की अभ्यासाचे दिवस आहेत, जरा कमी पाठवत जा. मी घरी येऊन लेकालाच रागावले. त्या आठवड्यात ह्यांनी 'बाटा'चे एक खोके घेतले, ब्लेडने दार कापले, दोरीचा पूल केला, दाराभोवती काळ्या शाईने कवटी काढली. कवटी काही जमली नव्हती, ती आमच्या मुख्याध्यापकांसारखी दिसायची. त्या किल्ल्यात ही-मॅन चार वर्षे राहिला.

"अरे, मग उघड की हा," मी तळघरात म्हटले. "नातवाला देऊ, खेळेल."

"त्याला नकोय, आई. विचारलं मी." मग जरा वेळाने म्हणाला, "आणि उघडला की मग काय?"

मी काही बोलले नाही. वर येताना जिन्यात त्याने विचारले, "बाबांचा तो खोक्याचा किल्ला माळ्यावर असेल ना गं अजून? पुढच्या वेळी आणशील?"

"बघते," म्हटले.

१९९७ साली घराला रंग दिला, तेव्हा माळा रिकामा केला होता. बाहुल्या कामवाल्या मावशींच्या नातवाला दिल्या, तो खूश झाला. खोके रद्दीवाल्याला गेले. ह्यांनी विचारलेही होते, "अगं, हे ठेवायचं का?" आणि मी म्हटले होते, धूळ नुसती. हे लेकाला सांगायचे तेव्हापासून राहून गेले आहे. तो हे लिखाण वाचतो, तेव्हा आज कळेलच.

बाळा, रात्री फोन कर. मी जागी आहे.